परिक्रमेत लॉजवर राहिलं तर चालेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, वय ५३, मागच्या वर्षी व्हीआरएस घेतली. पंचवीस वर्षं प्लांटमध्ये माणसांवर ओरडण्यात गेली, आता घरी बायकोवर ओरडतो, तीच म्हणाली जरा कुठेतरी जाऊन या. नर्मदा परिक्रमा पायी करावी म्हणतो, निदान माणूस म्हणून नव्याने सुरुवात होईल. पण आश्रमात फुकट जेवायचं, कोणाच्याही ओट्यावर झोपायचं हे मला जमणार नाही. आजवर कोणाचं फुकट खाल्लं नाही. पैसे आहेत, लॉज-हॉटेल करत गेलो तर चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, आधी वहिनींना थँक्यू म्हणा, एवढं स्पष्ट बोलणारं माणूस घरात असायला नशीब लागतं.

आता लॉजचं. अडवणार कोणी नाही, पण लॉज आहेत कुठे? ओंकारेश्वर, बडवानी, भरूच, जबलपूर इथे मिळतील, शूलपाणीच्या झाडीत काय करणार? नर्मदामैयाची लांबीच १३१२ किमी, दोन्ही काठ धरले की अडीच हजाराच्या वर, रोज वीस-पंचवीस टाकले तरी चार-पाच महिने. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, फक्त समुद्राजवळ विमलेश्वरहून मिठी तलाईला नाव. म्हणजे समोरच्या काठावर छान हॉटेल दिसलं तरी तुमच्या काय कामाचं!

आणि खरं सांगू का, तुम्हाला जे जमणार नाही म्हणताय ना, परिक्रमा म्हणजे मुख्य तेच आहे. चालणं काय, दहा-बारा दिवसांत पायांना सवय होते. दुसऱ्याच्या दारात 'नर्मदे हर' म्हणून उभं राहायची सवय मला महिना झाला तरी होत नव्हती. आश्रमात गेलं की पहिला प्रश्न 'कितनी मूर्ती?' म्हणजे किती जणांचा स्वयंपाक टाकायचा. हुद्दा कोणी विचारत नाही, तुम्ही तिथे एक मूर्ती, बास.

बडवानीच्या पुढे एका आजीने भाकरी न् मिरचीची चटणी वाढली, घरात फार काही नव्हतं हे दिसतच होतं, मी निघताना शंभराची नोट ठेवली तर बाई अशी भडकली की नोट परत माझ्या झोळीत कोंबली आणि मला तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. तासभर सोलत होते. तेवढ्यावर हिशोब मिटला, तिच्या बाजूने तरी. तर फुकट खाल्ल्यासारखं वाटलंच तर अंगण झाडा, भांडी घासा, आश्रमात दानपेटी असेल तिथे टाका काय टाकायचे ते.

राग जातो का? माझा तरी पूर्ण गेला नाही, तिसऱ्या आठवड्यात आसन, म्हणजे अंथरूण, लावायच्या जागेवरून मी एका माताजींशी कचाकचा भांडले, त्याच बाईंनी रात्री माझ्या पायांना तेल लावून दिलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. घरी आल्यावर आवाज चढतो अजूनही, पण चढलाय हे मला ऐकू येतं, पूर्वी यायचं नाही.

लगेच एवढी उडी नको असेल तर चैत्रात गुजरातेत तिलकवाड्याच्या बाजूला उत्तरवाहिनी परिक्रमा असते, मैया उत्तरेकडे वाहते तेवढ्याच टप्प्याची, एक दिवसाची, ती करून बघा. मोठी करायची तर कार्तिकी एकादशीनंतर निघा, चातुर्मासात चालत नाहीत. आधारकार्ड जवळ ठेवा आणि बूट एक नंबर मोठे घ्या, पाय सुजतात. नर्मदे हर!