बास, दोनच

"ताई, मी ५२ वर्षांची, मालक ५८ चे. इचलकरंजीत राहतो. लग्नाला ३१ वर्षं झाली. मालकांनी उभा जन्म कापडाच्या मागावर काढला, आधी कामगार, मग जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, तेव्हापासून घरीच असतात. घरात असून नसल्यासारखे. मी बोलले की नुसतं 'हं'. मुलाचं बोलणं मात्र बरोब्बर कळतं, सोयीचं तेवढं ऐकतात. लग्नाकार्यात कोपरा धरून बसतात. टीव्ही एवढा मोठ्यानं लावतात की शेजारीण दार लावून घेते. परवा लग्नाचा वाढदिवस होता. भाकरी थापता थापता म्हटलं, 'एकतीस झाली की हो आपल्याला.' तर म्हणाले, 'बास, दोनच.' मी पदरानं डोळे पुसले. तेव्हापासून बोलणंच सोडलंय. ताई, एवढ्या वर्षांनी प्रेम संपतं का? प्रेम म्हणजे नेमकं असतं काय?"

तुमचं पत्र चार पानी होतं, वर त्यातलं थोडंच घेतलंय. मालकांच्या अबोल्यावर तीन पानं लिहिलीत. शेजारची जोडी रोज संध्याकाळी फिरायला जाते, त्यावर अर्धं पान. आणि टीव्हीच्या आवाजावर एक ओळ, तीही शेजारणीची तक्रार म्हणून. मी त्या एका ओळीवर थांबले ती थांबलेच.

बाई, तुमच्या मालकांना ऐकू येत नाहीये.

मी मागाच्या शेडमध्ये उभी राहिलेली आहे. दहा मिनिटांत बाहेर आले तरी रात्रीपर्यंत कानात मागाचा धोटा आपटत होता. तिथला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. कारखान्यांसाठी नियम असा की ९० डेसिबलमध्ये माणसानं दिवसाला जास्तीत जास्त आठ तास काढावेत. तुमच्या मालकांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या, असं तुम्हीच पहिल्या पानावर लिहिलंय, आणि कानाला काय, तर कापसाचा बोळा. त्या बोळ्यानं फारसं काही अडत नाही. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या अशा आवाजानं मरतात आणि परत उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही. माणसाला स्वतःलाही वर्षानुवर्षं कळत नाही.

आता तुमचा तो 'सोयीचं तेवढं ऐकतात' हा आरोप. आवाजानं कान जातो तेव्हा वरच्या पट्टीतलं आधी जातं. जाड, खालच्या पट्टीतला आवाज बरीच वर्षं टिकतो. म्हणून मुलाचा भरदार आवाज पोचतो, गल्लीत शिरलेली बुलेट ऐकू येते, आणि तुमचा बारीक आवाज अर्धाच येतो. त्यातही स, श, त, ट, क ही अक्षरं विरतात. ताट, काठ, साठ, पाठ सगळं एकसारखं लागतं. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग माणूस अंदाज बांधतो. अंदाज चुकला की आजूबाजूचे हसतात. दोन-चारदा असं झालं की तो 'हं' म्हणायला लागतो आणि लग्नात कोपरा धरतो.

आता परवाची रात्र पुन्हा बघा. तुम्ही परातीकडे तोंड करून, पाठ त्यांच्याकडे. भाकरीची थपथप चालू. तुम्ही म्हणालात, 'एकतीस झाली की हो.' त्यातला 'एक' तेवढा त्यांच्यापर्यंत पोचला. समोर तवा, ताटात भाकरी. बायको आणखी एक वाढू का विचारतेय असंच त्यांना वाटलं असणार, आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं, 'बास, दोनच.' पुढे तुम्ही लिहिलंय की जेवण होईपर्यंत ते तुमच्या तोंडाकडे बघत होते आणि तुम्ही मान वर केली नाहीत. हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी. आपल्या हातून काय चुकलं हे शोधत बसलेला माणूस, आणि सांगायला कुणी नाही.

तुम्हाला राग येईल, पण बोलते. ३१ वर्षं ज्यांच्याबरोबर काढलीत, त्यांच्या कानाचा संशय तुम्हाला एकदाही आला नाही. थेट प्रेमाचा आला. गुडघ्यासाठी तुम्ही त्यांना तीन डॉक्टरांकडे नेलंत, मालिश केलंत, काढा उकळून दिलात. कानाच्या वाट्याला मात्र अबोला आला. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी बोलणं सोडायचं, म्हणजे त्याला घरातून काढल्यासारखंच आहे. ते आजपासून बंद करा.

एकच काम सांगते, ते याच आठवड्यात करा. त्यांना घेऊन कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा, कान-नाक-घसा विभागात. आधी कानात मळ आहे का ते बघतील, कधीकधी निम्मं दुखणं तिथंच निघतं. मग ऐकण्याची चाचणी. बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन लावतात, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. टोचणं नाही, कापणं नाही. कधीकाळी पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असेल तर ते कार्ड शोधून बरोबर घ्या. आवाजामुळं आलेला बहिरेपणा त्या विम्याच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. आपल्याकडच्या कितीतरी मागवाल्यांचं नाव कुठल्याच विम्यात नसतं, याचा मला संताप येतो, पण तुम्ही विचारून तरी बघा.

घरातून निघताना 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं म्हणू नका. ज्या माणसानं नुसत्या आवाजावरून बिघडलेला माग ओळखला, त्याला ते वर्मी लागेल. म्हणा, 'माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचत नाही, आणि मला ते पोचायला पाहिजे.' एवढं म्हणून चपला घाला.

ऐकायचं मशीन लावायला सांगितलं तर पहिले काही आठवडे तुमच्या घरात भांडणं होतील, तयारी ठेवा. भांडी आदळल्यासारखी वाजतील, पंखा घोंघावेल, ते मशीन काढून फळीवर ठेवतील. कित्येक घरांत ते तिथंच धूळ खातं. रोज थोडा थोडा वेळ लावायला लावा, आधी शांत खोलीत, आणि त्या वेळी तुम्ही समोर बसा. त्रास होत राहिला तर परत नेऊन आवाज जुळवून आणा. गेलेला कान मशीननं नवा होत नाही. तुमचं बोलणं कळायला लागेल, तेवढं मिळालं तरी पुष्कळ आहे.

ओरडून बोलू नका. ओरडलं की शब्द आणखी फाटतात आणि चेहरा रागावलेला दिसतो. टीव्ही बंद करा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसा, सावकाश बोला. मागाच्या शेडमध्ये बोलणं ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरूनच चालतं. तुमचे मालक तोंड बघून बोलणं ओळखण्यात तयार झालेले आहेत. परवा ते तुमच्या तोंडाकडे बघत होते ना, ते तुमचं बोलणं शोधत होते. त्यांना आधी पाठ दिसली, मग खाली घातलेली मान.

प्रेम म्हणजे काय, असं विचारलंत. ज्यांना बायको वाढतेय की रागावलीय हे कळत नाही, तरी जे जेवण टाकून उठले नाहीत आणि तुमच्याकडेच बघत राहिले, त्यांचं काय संपलंय असं तुम्हाला वाटतं? मला तर काही संपलेलं दिसत नाही.

आज रात्री भाकरी झाल्या की गॅस बंद करा. हाताचं पीठ धुवा, त्यांच्या समोर बसा, आणि एकतीस वर्षं झाली हे त्यांना पुन्हा सांगा.