विचारा की! : 'गजरा' मला का आठवत नाही?

प्रश्न : माझ्या मावसबहिणी मुंबईच्या. भेटल्या की मुंबई दूरदर्शनवरच्या 'गजरा', 'ज्ञानदीप', 'किलबिल' या जुन्या मराठी कार्यक्रमांच्या गप्पा सुरू. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावची, घरी टीव्ही १९८५ ला आला, पण मला यातलं काहीच आठवत नाही, आठवते ती फक्त हिंदी. त्या म्हणतात तू विसरलीस. खरंच विसरले का हो मी?

उत्तर : अजिबात नाही ताई, तुमच्याकडे बहुतेक ते दिसतच नव्हतं! आपण दूरदर्शन म्हणजे पहिल्यापासून एकच मोठं नेटवर्क असं धरून चालतो ना, तिथंच घोळ होतो. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रयोग म्हणून सुरू झालं, तेही आकाशवाणीच्या पोटात. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि मग मुंबईनं जवळजवळ दहा वर्षं आपलं दुकान आपणच चालवलं. वरळीचा टॉवर, १९७३ पासून मुंबईचाच कार्यक्रम पुण्याला पोचवणारं सिंहगडावरचं रिले केंद्र, बस्स. म्हणजे 'गजरा'चं जग मुंबई-पुण्याच्या आसपासचंच, बाकी महाराष्ट्र त्यात नव्हताच.

देशभर एकच कार्यक्रम ही भानगड १५ ऑगस्ट १९८२ पासूनची, रंगीत टीव्हीसोबतच आली, कारण नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड (आशियाई खेळ) होतं आणि ते सगळ्या देशाला दाखवायचं होतं. मग इन्सॅट-१बी हा उपग्रह आल्यावर गावोगावी छोटे ट्रान्समीटर बसवायचा धडाका लागला, फक्त १०० वॅटचे, पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे पडद्यावर मुंग्याच. आणि खरी गोम इथे आहे : हे ट्रान्समीटर सिग्नल उपग्रहावरून थेट दिल्लीचा घ्यायचे! मुंबई केंद्राचा मराठी कार्यक्रम तिथपर्यंत पोचवायची सोय मागाहून झाली. त्यामुळे तुमच्या गावात टीव्ही होता, अँटेना होती, पण मराठी नव्हतं. मावसबहिणींना सांगा, त्यांना शेतीचा कार्यक्रम मराठीत, 'आमची माती आमची माणसं', मिळाला तेव्हा तुम्हाला 'कृषिदर्शन' मिळत होतं, तेही हिंदीतून, आणि शेत तुमच्या दारात होतं, त्यांच्या नाही! मला विचाराल तर सगळ्यात अन्याय तोच.

प्रश्न : मुंबईत तरी मराठी भरपूर होतं का मग? आमचे बाबा म्हणतात रात्र झाली की दिल्ली घुसायची.

उत्तर : बरोबर म्हणतात. साडेआठच्या सुमारास दिल्ली सुरू व्हायची, हिंदी बातम्या, सीरियल, इंग्रजी बातम्या. मराठीनं त्याच्या आत आटपायचं. म्हणजे लोक ऑफिसातून येऊन हातपाय धुवेपर्यंत मराठी संपत आलेलं, आणि जेवायच्या ताटावर 'हम लोग' (जुलै १९८४ ला सुरू झालं, भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार येऊन समजावून सांगायचे). बरं, ते वाईट होतं असं कोण म्हणेल, आम्ही पण एक भाग चुकवला नाही. पण वेळ आपली गेली ती गेलीच. आणि मध्येच 'व्यत्यय'ची पाटी आली की आजोबा उठून टीव्हीच्या डोक्यावर थाप मारायचे, जसा काही दोष आमच्याच सेटचा.

प्रश्न : रामायणाच्या वेळी रस्ते खरंच ओस पडायचे का, की मोठ्यांच्या थापा? (मी बारावीत आहे.)

उत्तर : थापा नाहीत रे बाळा. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी साडेनऊला, आधी ५२ भागांचं ठरलेलं, लोक सोडेनात म्हणून ७८ झाले. पण एक लक्षात घे, तेव्हा बहुतेक ठिकाणी चॅनल एकच. दुसरं काही लावायला नव्हतंच तर लोक जाणार कुठे! तरी मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला परत दाखवलं तेव्हा शेकड्यानं चॅनल होती, आणि तरीही लोकांनी तेच लावलं, त्याचं उत्तर तूच शोध.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत टीव्हीचं लायसन सापडलं, पोस्टाचे शिक्के आहेत. टीव्हीला लायसन?

उत्तर : हो, रेडिओसारखंच, पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची. १९८५ ला बंद झालं. टाकू नका ते, आणि जमलं तर फोटो पाठवा आम्हाला.