जर्मनीत सॉलिड इलेक्ट्रोलाइटवर पीएचडी: निघण्यापूर्वी काय शिकावं

पुण्यातून केमिस्ट्रीत एमएस्सी झाली आहे, जर्मनीत सॉलिड-स्टेट बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटवर पीएचडी करायची आहे, तर अर्ज कुठे करावा आणि तोवर काय शिकावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी मटेरियल ठरवा, शहर त्यामागून ठरतं. घन इलेक्ट्रोलाइटचे दोन मुख्य प्रकार: सल्फाइड आणि ऑक्साइड सिरॅमिक. सल्फाइडसाठी गीसेन आणि म्युन्स्टर बघा, ऑक्साइड सिरॅमिकसाठी युलिश. दोन्हींकडचं रोजचं काम पार वेगळं आहे. ऑक्साइडमधलं गार्नेट, म्हणजे एलएलझेडओ (लिथियम, लँथॅनम आणि झिर्कोनियमचं ऑक्साइड), ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. तेवढ्या तापमानाला लिथियम उडून जातं, म्हणून ते सुरुवातीलाच साधारण १० टक्के जास्त घालतात. शिवाय हवेत राहिलं की पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेट चढतं आणि लिथियम धातू त्याला नीट चिकटत नाही. सल्फाइड मऊ, त्याची तयार पावडर भट्टीशिवाय, नुसत्या दाबाने घट्ट बसते. माझ्या मते नवख्याला शिकायला हेच जास्त चांगलं, कारण आठवड्याभरात नमुना बनवून मोजता येतो.

सल्फाइडमधलं नेहमीचं उदाहरण म्हणजे आर्जिरोडाइट (Li₆PS₅Cl). त्याच्या १ ग्रॅमसाठी लिथियम सल्फाइड ०.४२८, फॉस्फरस पेंटासल्फाइड ०.४१४ आणि लिथियम क्लोराइड ०.१५८ ग्रॅम लागतं, मोलमध्ये ५:१:२. क्लोराइड पाणी ओढतं, म्हणून आधी निर्वातात २०० अंशांना सुकवा. सगळं वजन ग्लव्हबॉक्समध्ये (निष्क्रिय वायू भरलेली, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी), पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही १ पीपीएमच्या खाली. झिर्कोनियाच्या भांड्यात बॉल मिल करून (गोळ्यांनी दळून) पावडर दाबायची, आधी कोरड्या केलेल्या क्वार्ट्झ अँप्यूलमध्ये (काचेसारख्या बंद नळीत) निर्वातात सील करायची आणि ५५० अंशांना तापवायची. अँप्यूलमध्ये ओलावा राहिला तर फॉस्फेट तयार होतं. मिलिंग कमी पडलं तर एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याच्या चाचणीत) लिथियम सल्फाइड आणि क्लोराइडची शिखरं उरलेली दिसतात. एक्सआरडीसाठीही नमुना हवाबंद होल्डरमध्येच हवा. सल्फाइडला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो. तेव्हा भरवसा डिटेक्टरवर ठेवा, नाकावर नको.

मोजमापात बहुतेक नवखे अडखळतात. १० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची पेलेट (दाबून केलेली चकती) इम्पीडन्समध्ये, म्हणजे एसी विद्युतरोधाच्या मोजणीत, ६४ ओहम दाखवत असेल तर वाहकता २ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर झाली. जाडीत ०.१ मिलिमीटरची चूक म्हणजे उत्तरात १० टक्क्यांची. दाब सोडला की कणांमधला संपर्क सुटतो आणि आकडा घसरतो. म्हणून दाब, तापमान, जाडी हे तिन्ही न देता वाहकता सांगूच नका. इलेक्ट्रोलाइट सुमारे ३७० मेगापास्कलला दाबतात, पण त्याच दाबाने लिथियम लावलंत तर मऊ धातू भेगांतून आत शिरतो आणि सेल शॉर्ट होतो. सेल चालवताना ५ मेगापास्कलच्या आसपास पुरे.

हे हातात बसवायला पुण्यातच एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्स मटेरियलवर काम करणारी सरकारी संस्था) इथे प्रोजेक्टसाठी विचारा. ग्लव्हबॉक्स आणि इम्पीडन्स, दोन्ही जमणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो. प्राध्यापकांना मेल करताना गुणपत्रिकेसोबत स्वतः मोजलेला एक नायक्विस्ट आलेख (इम्पीडन्सच्या मोजणीचा आलेख) जोडा, फिटिंगसकट. मुलाखतीत तुम्हीही विचारा: ग्लव्हबॉक्स किती जणांत, सेलचा दाब मोजायला लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) आहे का, आणि करार किती वर्षांचा.

विद्यापीठातला पगार बहुधा टीव्ही-एल ई१३ (जर्मन राज्यांच्या सरकारी वेतनकरारातली) श्रेणीत, ६५ ते ७५ टक्के पदावर असतो. पगारी करार असेल तर ब्लॉक्ड अकाउंटची (व्हिसासाठी खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायच्या खात्याची) गरज सहसा पडत नाही, आरोग्य विम्याचा साधारण अर्धा वाटा संस्था भरते. आपलं विद्यापीठ अनाबिनमध्ये (परदेशी पदव्यांच्या जर्मन डेटाबेसमध्ये) 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का ते आजच तपासा. नसेल तर पदवीच्या मूल्यांकनात वेळ जातो. लॅबमध्ये इंग्रजीवर भागतं, पण सुरक्षेच्या सूचना आणि गॅस सिलिंडरवरची लेबलं बऱ्याचदा जर्मनमध्ये असतात. ए२ पातळीपर्यंतचं (प्राथमिक, रोजच्या वापरापुरतं) जर्मन इथूनच करून जा.