फोटोशॉपमध्ये ‘बर्न’ केल्यावर फोटो गडद आणि ‘अनशार्प’ने शार्प, हे असं उलटं का?

ही नावं डार्करूममधली, म्हणजे फिल्मवरचे फोटो कागदावर काढायच्या अंधाऱ्या खोलीतली आहेत. तिथे प्रिंट कशी काढत, हे एकदा कळलं की ती उलटी वाटत नाहीत.

एन्लार्जरचा, म्हणजे चित्र मोठं करून पाडणाऱ्या यंत्राचा, प्रकाश निगेटिव्हमधून (उलट्या छटांच्या फिल्ममधून) खालच्या कागदावर पडतो. कागदाला जितका जास्त प्रकाश मिळेल, तितका तो डेव्हलप केल्यावर काळा होतो. सगळी गोम इथेच आहे. आकाश फार पांढरं येत असेल, तर पुठ्ठ्याच्या भोकातून किंवा हातांच्या फटीतून तेवढ्याच भागावर जादा प्रकाश सोडायचा. हेच बर्निंग. चेहरा काळवंडत असेल, तर तारेवर लावलेली चकती मध्ये धरून तिथला प्रकाश काही सेकंद अडवायचा, ते डॉजिंग. चकती सतत हलती ठेवावी लागे, नाहीतर तिची कड कागदावर उमटे. फोटोशॉपमध्ये या टूल्सची चिन्हं पाहा: दांडीवरची चकती आणि बोटं वळवलेला हात.

ज्यांनी फोटोशॉप लिहिलं, त्या नोल बंधूंच्या वडिलांची घरातच डार्करूम होती. फोटोशॉपमध्ये तिथली भाषा आली यात मला तरी नवल वाटत नाही.

अनशार्प मास्क मला यातली सर्वांत हुशार युक्ती वाटते. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर, फिकी पॉझिटिव्ह (सुलट छटांची) फिल्म काढत आणि ती निगेटिव्हला जोडून प्रिंट करत. त्याने मोठ्या भागांतला कॉन्ट्रास्ट दबे. बारीक तपशील त्या धूसर फिल्ममध्ये नसतच, म्हणून ते शाबूत राहत. मग जास्त कॉन्ट्रास्टच्या कागदावर कडा ठसठशीत उठत. सॉफ्टवेअरही धूसर प्रत काढतं, ती मूळ चित्रातून वजा करतं आणि उरलेला फरक वाढवून पुन्हा मिळवतं. ‘रेडियस’ म्हणजे ती प्रत किती धूसर करायची. तो फार वाढवला की कडांभोवती पांढरी रेघ दिसू लागते, ती यामुळेच.

ब्रश, कॅनव्हास, पॅलेट ही चित्रकारांची नावं तर उघडच आहेत. एअरब्रश मात्र हवेच्या दाबाने रंग फवारणारं खरं अवजार आहे. एका जागी धरून ठेवलं की रंग साचत जातो, आणि सॉफ्टवेअरमध्येही तसंच होतं.

डॉज-बर्न वापरताना एक्स्पोजर, म्हणजे टूलचा जोर, ५ ते १० टक्क्यांवर ठेवा आणि हात फिरता ठेवून थोडं थोडं वाढवत जा.