विंडोज न काढता त्याच लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकता येईल का?

येईल, आणि विंडोज आधीपासून असेल तर काम सोपंच आहे. उलट क्रमाने केलं तर विंडोज बूटचा, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याचा, ताबा स्वतःकडे घेतं आणि कोणती सिस्टीम सुरू करायची हे विचारणारा लिनक्सचा मेनू गायब होतो.

पहिलं काम बॅकअपचं, तेही बाहेरच्या डिस्कवर. मग बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बूट सेटिंगला हात लावला की विंडोज ती मागू शकतं. फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं ठरतं.

जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. ५० जीबी तरी ठेवा. २५ मध्येही बसतं, पण लवकरच अडचण होते. ती जागा फॉरमॅट न करता तशीच रिकामी सोडा.

उबुंटूचा इन्स्टॉलर असलेला पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच (लॅपटॉप सुरू करण्याची नवी पद्धत) बूट करा. इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय निवडा. 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय तिथेच असतो, तेव्हा घाईत नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करू नका.

नंतर विंडोजचं घड्याळ चुकलेलं दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.