मेक्सिको सिटीहून पुएब्ला एका दिवसात पाहून परत येता येईल का?

होय, मात्र सकाळी लवकर निघावे. तापो बसस्थानकावरून सुटणारी बस सुमारे १३० किलोमीटरचे अंतर साधारण दोन तासांत कापते. १५३१ मध्ये वसवलेल्या या शहराचा जुना भाग पायीच फिरावा. सांतो दोमिंगो चर्चमधील रोझारियो चॅपेलला, जिथे भिंतींपासून घुमटापर्यंतचे नक्षीकाम सोन्याच्या वर्खाने मढवले आहे, माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा; १६४६ मध्ये स्थापन झालेले पालाफोक्सियाना ग्रंथालयही तिथून जवळच आहे. दुपारच्या जेवणात मिरच्या, मसाले आणि थोडे चॉकलेट घालून केलेला मोले हा दाट सॉस अवश्य घ्यावा (शाकाहारी असल्यास आधी विचारावे, कारण तो बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात). जवळच्या चोलुला शहरातील प्राचीन पिरॅमिड त्याच दिवशी गाठण्याचा अट्टहास करू नये.