सलग कोड लिहूनही उत्तर बरोबर येतं, मग फंक्शन कशाला लिहायचं?

तुम्ही विचारलंय की पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत लूप, इफ-एल्स जमतं, वरून खालपर्यंत सलग कोड लिहिला तरी उत्तर बरोबर येतं, तर फंक्शन, म्हणजे नाव देऊन वेगळा काढलेला आणि हवा तिथे बोलावता येणारा कोडचा तुकडा, नेमकं कधी लिहायचं आणि त्यासाठी कोर्स कोणता करायचा. त्यावर आधीच्या एका उत्तरात सांगितलंय, 'तोच कोड दोनदा लागला तर फंक्शन करा, एकदाच लागत असेल तर गरज नाही.' हे वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकतेय. ते अर्धवट आहे आणि त्यानं लोकांचं नुकसान होतं, म्हणून लिहायला बसले.

माझं मत सरळ सांगते. जो हिशेब चुकला तर कुणाचे तरी पैसे जाणार आहेत, तो एकदाच लागत असला तरी त्याचं फंक्शन झालंच पाहिजे. बाकीचा प्रोग्रॅम न चालवता तेवढाच हिशेब एकटा तपासता आला पाहिजे. पुन्हा वापरता येतं हा वरचा फायदा.

कोल्हापूरकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं संगणकाचं काम मी बघते. मी तिथे लागले तेव्हा जो प्रोग्रॅम होता तो आमच्याच भागातल्या एका सरांनी लिहिलेला. सर क्लासही घ्यायचे आणि मीही त्यांच्याकडे शिकले. फंक्शनवरच्या त्यांच्या नोट्स ठरलेल्या: व्याख्या, फायदे, आणि मग 'फंक्शनचे चार प्रकार'. आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायचा आकडा) नाही रिटर्न (त्यानं परत दिलेलं उत्तर) नाही, आर्ग्युमेंट आहे रिटर्न नाही, आणि असे पुढचे दोन. परीक्षेत हमखास यायचं, मार्कही पडायचे. हे चार प्रकार पाठ करून फंक्शन लिहायला शिकलेलं मी कुणी पाहिलं नाही.

आता दुधाचा हिशेब बघा. फॅट मशीनवर फॅट येतं, लॅक्टोमीटरवरून सीएलआर (लॅक्टोमीटरचा दुरुस्त केलेला आकडा) येतो, आणि त्यावरून एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढायचं. सीएलआरला ४ नं भागायचं, त्यात फॅटचा पाव हिस्सा मिळवायचा, वर एक ठरलेला आकडा मिळवायचा. आमच्याकडे तो ०.४४ आहे, दुसरीकडे वेगळा असतो. मग फॅट आणि एसएनएफ दरपत्रकात बघायचं, लिटरचा दर मिळतो. एवढंच सूत्र सरांच्या प्रोग्रॅममध्ये सकाळच्या स्लिपसाठी एकदा, संध्याकाळच्या स्लिपसाठी एकदा, दहा दिवसांच्या बिलासाठी एकदा आणि वर्षाच्या पत्रकासाठी एकदा, असं चिकटवलेलं होतं. एकेका ठिकाणी वेगवेगळ्या वर्षी हात फिरलेला.

एका बिलाच्या दिवशी एक मावशी दहा दिवसांच्या सगळ्या स्लिपा रबर लावून घेऊन आल्या. नातवानं बेरीज करून दिली होती. बिलात कमी रक्कम होती. पेंडीची कपात धरली तरी फरक उरत होता. सचिव म्हणाले, बेरीज चुकली असेल. मी बेरीज केली, ती बरोबर होती. मग एकच स्लिप घेतली: फॅट ३.५, सीएलआर २९. हातानं मांडलं. २९ भागिले ४ म्हणजे ७.२५, फॅटचा पाव ०.८७५, वर ०.४४, एकूण ८.५६५. दरपत्रकात एसएनएफचे रकाने एकेका दशांशानं जातात. स्लिपच्या कोडनं ८.५६५ चे जवळच्या दशांशाला ८.६ केले होते. बिलाच्या कोडनं पुढचे आकडे नुसते तोडून ८.५ धरले होते. त्याच दुधाला दोन दर! आणि फरक पडला की तो कायम एकाच बाजूचा, बिल स्लिपेपेक्षा कमी. मावशींच्या जागी मी असते तर संस्था पैसे खाते असंच मलाही वाटलं असतं.

सरांना फोन केला तर म्हणाले, बिलाच्या कोडमध्ये एक ओळ बदला, झालं. ती बदलली असती तर स्लिप आणि बिल जुळलं असतं, पण वर्षाचं पत्रक तिसरंच काही सांगत राहिलं असतं. मी तो प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि पायथॉनमध्ये नव्यानं लिहिला. त्यात एसएनएफ काढणारं एकच फंक्शन आहे. त्याला फॅट आणि सीएलआर द्यायचे, ते आकडा परत देतं. दर शोधणारं दुसरं. दशांश कसा धरायचा हे चेअरमन आणि सचिवांना समोर बसवून ठरवलं आणि तो निर्णय कोडमध्ये एकाच ओळीत आहे. स्लिप, बिल, पत्रक सगळे त्याच फंक्शनला विचारतात. जुन्या नोंदी नव्या प्रोग्रॅममधून काढून ज्यांना कमी गेले होते त्या सगळ्या उत्पादकांना फरक दिला. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

तुम्हाला यातून काय घ्यायचं? पहिलं म्हणजे प्रिंट आणि रिटर्न यांतली गल्लत. शिकणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथे अडकतात आणि चार प्रकारांच्या नोट्स ती गल्लत पक्की करतात. फंक्शनच्या आत उत्तर प्रिंट केलं की ते पडद्यावर दिसतं आणि आपल्याला वाटतं झालं काम. पण ते उत्तर पुढच्या हिशेबाच्या हाती लागत नाही. रिटर्न लिहिलं नाही तर पायथॉन त्या फंक्शनमधून 'नन', म्हणजे 'काहीच नाही', परत देतं, आणि पुढे तुम्ही त्याला लिटरनं गुणायला गेलात की एरर. हिशेबाच्या फंक्शननं प्रिंट करायचंच नाही. प्रिंट करणारं वेगळं ठेवा.

दुसरं, फंक्शनला जे लागतं ते कंसातून द्या. बाहेरचं व्हेरिएबल आतून गुपचूप वाचायचं, वर 'ग्लोबल' लिहून ते बदलायचं, हे करू नका. आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये 'दर' नावाचं एक ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला दिसणारं व्हेरिएबल, होतं आणि ते कोण कुठे बदलतंय हे सरांनाही सांगता यायचं नाही. तिसरं, नाव असं द्या की आत न बघता कळेल. पायथॉन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीतही चालतं, फक्त 'डेफ', 'रिटर्न' हे शब्द इंग्रजीत लागतात.

सर मात्र आजही ऐकत नाहीत. दिवाळीला आम्ही दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची जादा रक्कम, वाटतो, त्याचा हिशेब वर्षातून एकदाच लागतो. त्याचंही मी वेगळं फंक्शन केलेलं बघून ते म्हणाले, 'एकदाच चालतं, त्याला फंक्शन कशाला?' सर, वर्षातून एकदाच चालतं म्हणूनच! रोजची स्लिप चुकली तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोलतं. फरकाचा हिशेब चुकला तर तो दिवाळीच्या तोंडावर, सगळं गाव रांगेत उभं असताना कळतो. वेगळं फंक्शन असल्यामुळे मी ते श्रावणातच तपासते. दोन-तीन उत्पादकांचे आकडे हातानं मांडते आणि फंक्शनचं उत्तर त्याच्याशी जुळतं का हे असर्ट (जुळलं नाही तर तिथेच एरर देणारी ओळ) लिहून बघते. सलग कोडात हे करायचं तर सगळं वर्ष चालवून बघावं लागतं.

आणि हा विचार काही मी काढलेला नाही. केंब्रिजला १९४९ मध्ये एडसॅक संगणक चालू झाला, त्यानंतर लवकरच डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तयार तुकड्यांचा संग्रह कागदी फितींवर करून ठेवला. व्हीलरनी १९५२ च्या लेखात म्हटलंय की तुकडा लिहून, तपासून झाला तरी मोठं काम उरतंच, ते म्हणजे आतला कोड न बघता दुसऱ्याला तो वापरता येईल असं वर्णन लिहिणं. एवढ्या सुरुवातीपासून हे माहीत असूनही आपल्याकडे फंक्शन म्हणजे टायपिंग वाचवायची सोय एवढंच शिकवलं जातं.

एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पाच ओळींचा, एकदा चालवून फेकून द्यायचा कोड असेल तर खुशाल सलग लिहा. दर दोन ओळींचं एक फंक्शन करत सुटलात तर वाचणाऱ्याला वर-खाली उड्या माराव्या लागतात, तेही वाईटच. आर्ग्युमेंटची डीफॉल्ट किंमत म्हणून रिकामी लिस्ट देऊ नका, ती फंक्शन तयार होताना एकदाच बनते आणि पुढे फंक्शन प्रत्येक वेळी बोलावताना तीच वापरली जाते. पैशांचा हिशेब असेल तर आकडा जवळच्या पूर्णांकाला नेणाऱ्या पायथॉनच्या राउंडवर डोळे झाकून विसंबू नका, ते २.५ चे २ करतं आणि ३.५ चे ४. मी सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवते.

कोर्सचं म्हणाल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर पायथॉन आहे, फुकट आहे, आणि तिथे बऱ्याच विषयांचे धडे मराठीतही आहेत. दुसरा कुठलाही घेतलात तरी चालेल. फक्त फंक्शनच्या धड्यात आधी चार प्रकार लिहून घ्यायला लावले तर तो बंद करा आणि तुमचाच जुना सलग प्रोग्रॅम उघडून त्यातलं एक सूत्र फंक्शनमध्ये काढायला बसा.